आयर्लंडच्या शेतातला जळक्या दगडांचा ढीग कसा शोधायचा आणि तिथं नेमकं काय बघायचं

कॉर्कला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी नकाशा बघून एका शेतात गेले, घोट्यापर्यंत चिखलात रुतले, समोर गवताचा एक उंचवटा दिसला, कमरेइतकाही नाही, दोन मिनिटं उभी राहिले, फोटो काढला आणि परत आले. घरी येऊन नीट वाचलं तेव्हा कळलं की जे बघायला गेले होते ते बघितलंच नाही. मी ढीग बघून आले होते, आणि ढीग म्हणजे तर टाकून दिलेला माल, जवळजवळ उकिरडाच. खरी वस्तू त्या ढिगाच्या कुशीतल्या मोकळ्या जागेत, जमिनीखाली असते. इकडे राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांची अशी फेरी फुकट जाऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी वस्तू काय आहे ते. इंग्रजीत याला बर्न्ट माउंड म्हणतात, आयरिशमध्ये फुलख्त फिया. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे ब्राँझ युगातली माणसं पाण्याच्या कडेला जमिनीत एक चर खणायची, साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, गुडघाभर खोल. त्याला आतून लाकडाच्या फळ्या, दगडी लाद्या नाहीतर चिकणमाती लावायची आणि त्यात पाणी भरायचं. शेजारी जाळ करून त्यात मुठीएवढे दगड लाल होईपर्यंत तापवायचे आणि एकेक करून पाण्यात सोडायचे. पाणी उकळतं. काम झालं की आतले दगड उपसून बाजूला फेकायचे, कारण तापून एकदम गार झाल्यावर दगड तडकतो, दोनचार वेळा वापरला की ठिकऱ्या होतात आणि मग त्यात उष्णता धरायची ताकद राहत नाही. असं वर्षानुवर्षं एकाच जागी केलं की फेकलेल्या ठिकऱ्या, कोळसा आणि राख यांचा ढीग चराच्या तिन्ही बाजूंनी वाढत जातो आणि चौथी बाजू, जिथून माणसं ये-जा करायची, ती मोकळी राहते. म्हणून वरून बघितलं तर घोड्याच्या नालेसारखा किंवा मूत्रपिंडासारखा आकार दिसतो. अख्ख्या आयर्लंडमध्ये असे ७,००० च्या वर ढीग नोंदलेले आहेत, इतकं जास्त संख्येनं सापडणारं दुसरं कुठलंच प्रागैतिहासिक स्मारक या देशात नाही, आणि सगळ्यात जास्त आमच्या कॉर्क काउंटीत.

काळ डोळ्यासमोर यावा म्हणून सांगते, आपल्या पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला जेव्हा ताम्रपाषाण युगातली माणसं मातीची घरं बांधून जव पिकवत होती, त्याच सुमाराला इकडे ही माणसं ओढ्याकाठी दगड तापवत बसलेली होती. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला स्वतःला हे जोडून बघितलं की तारखा लक्षात राहतात.

आता शोधायचं कसं. घरी बसून करायचं काम आधी. सरकारच्या नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिसचा एक नकाशा ऑनलाइन फुकट आहे, हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट व्ह्यूअर नावाचा, आर्किऑलॉजी डॉट आयई या साइटवरून उघडतो. आपल्या गावाभोवती झूम केलं की ठिपके दिसतात, एकेका ठिपक्यावर क्लिक केलं की कुठल्या प्रकारचं स्मारक आहे ते येतं. आपल्याला हवेत ते ‘फुलख्त फिया’, ‘बर्न्ट माउंड’ आणि ‘बर्न्ट स्प्रेड’ असे लिहिलेले. पहिल्या दोनात काहीतरी उंचवटा किंवा आकार बघायला मिळायची आशा असते, तिसरा म्हणजे नांगरटीत ढीग पसरून गेलाय आणि शेतात फक्त काळा डाग उरलाय, तो बघायला नुकतं नांगरलेलं शेतच लागतं, बाकी वर्षभर काही दिसत नाही. पुष्कळ ठिपक्यांना वर्णन जोडलेलं असतं, ते वाचाच, कारण बऱ्याचदा त्यात सरळ लिहिलेलं असतं की जमिनीवर आता काही शिल्लक नाही. हे न वाचता गेलं की अख्खा शनिवार वाया. कागदी ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे सरकारी भूमापन खात्याचा नकाशा आवडत असेल तर त्यावरही ही नावं लाल अक्षरात छापलेली असतात.

मी ठिपके निवडताना एक गोष्ट करते. एकटा ठिपका सोडून देते आणि जिथं एकाच ओढ्याच्या काठाने चार-पाच ठिपके ओळीने आहेत ती जागा धरते. असे घोळके पुष्कळ असतात. एक दिसला नाही तर दुसरा दिसतो, आणि मुख्य म्हणजे ओढा आणि ढीग यांचं नातं तिथं लगेच कळतं.

मग परवानगी. हे आयर्लंडमध्ये फार महत्त्वाचं आहे आणि आपल्याकडून इथंच चूक होते, कारण आपल्याला गावाकडे कुणाच्याही बांधावरून जायची सवय. इथं जमीन खाजगी असली की आत जायचा हक्क कुणालाच नाही, नकाशावर स्मारकाचा ठिपका असला म्हणून वाट सार्वजनिक होत नाही. जवळच्या घराचं दार वाजवायचं, कुठून आलो, काय बघायचंय ते सरळ सांगायचं. मला आजवर एकदाच नाही म्हणाले, तेही शेतात बैल सोडला होता म्हणून. उलट एका आजोबांनी स्वतः गमबूट घालून वाट दाखवली आणि त्यांच्या लहानपणी तो उंचवटा कुणी सपाट करायला धजायचं नाही हेही सांगितलं. कुत्रा घेऊन जाऊ नका, मेंढ्या असतात. फाटक जसं होतं तसंच ठेवा, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं.

सीझन हिवाळ्याचा शेवट ते वसंताची सुरुवात, म्हणजे फेब्रुवारी-मार्च. गवत खुरटं असतं, नेचे वाळून बसलेले असतात, आणि ऊन तिरकं असतं. तिरक्या उन्हाची गंमत अशी की गुडघाभर उंचवट्याचीसुद्धा लांब सावली पडते, जी दुपारी बाराला अजिबात दिसत नाही. सकाळी नऊ-साडेनऊ किंवा दुपारी तीननंतर जा. गमबूट हवेतच, साधे ट्रेकिंगचे बूट इथं उपयोगाचे नाहीत, कारण जागाच मुळात पाणथळ असते.

आणि शेतात पोचल्यावर ढीग शोधू नका, पाणी शोधा. हे मला माझ्या बाबांनी शिकवलं. ते दोन वर्षांपूर्वी इकडे आले होते, साताऱ्याकडे शेती केलेला माणूस, पुरातत्त्वाशी काही घेणंदेणं नाही. शेताच्या फाटकाशी उभे राहून त्यांनी एक नजर फिरवली आणि म्हणाले, “ती खालची पट्टी चिबड आहे बघ, तिथं लव्हाळं आलंय, उपळ असणार.” आम्ही गेलो तर खरंच तिथं जमिनीतून पाणी पाझरत होतं आणि त्याच्या वीस पावलांवर ढीग. ब्राँझ युगातल्या माणसाने जागा निवडताना नेमकी हीच नजर वापरली होती. चर अशा जागी खणायचा की पाणी वाहून आणायला नको, आपोआप खालून भरत राहील. म्हणून हिरव्या गवतात जिथं गडद हिरव्या, टोकदार लव्हाळ्याचे झुपके दिसतात तिकडे वळायचं, मग ओढ्याच्या किंवा झऱ्याच्या कडेला थोडासा कोरडा, गोलसर उंचवटा दिसतो का बघायचं. उंची बहुतेक मीटरभराच्या आतच, लांबी चार-पाच मीटरपासून पंधरा-वीस मीटरपर्यंत कितीही. ढिगावरचं गवत बऱ्याचदा आजूबाजूपेक्षा वेगळं दिसतं कारण खाली ठिकऱ्या असल्यामुळे पाणी निचरून जातं, आजूबाजूला लव्हाळं आणि ढिगावर बारीक गवत असा फरक दिसला की समजायचं.

उंचवटा मिळाला की लगेच वर चढू नका. आधी त्याच्याभोवती एक फेरी मारा, सावकाश. कुठल्या बाजूला तो खचल्यासारखा, आत वळल्यासारखा आहे ते बघा. ते त्याचं तोंड. बहुतेक वेळा ते पाण्याच्या दिशेला असतं पण नेहमी नाही. तोंड सापडलं की तिथं उभे राहा आणि ढिगाकडे पाठ न करता आत बघा, तुमच्या पायापुढच्या त्या बशीसारख्या खोलगट जागेखाली चर असतो. डावीकडे, उजवीकडे आणि समोर फेकलेल्या दगडांचा ढीग. बाबा त्या जागी उभे राहिले आणि म्हणाले, अगं हे तर आपलं गुऱ्हाळ, इथं काहील, इथं चुलवाण, आणि हा सगळा राखेचा ढीग. मला वाटतं मी वाचलेल्या सगळ्या वर्णनांपेक्षा हे एक वाक्य जास्त कामाचं आहे. गुऱ्हाळ बंद होऊन वीस वर्षं झाली तरी ती जागा काळी राहते, आणि काम करणारा माणूस कुठं उभा राहत असेल ते ढिगाच्या आकारावरून सांगता येतं, तसंच इथं आहे.

आतलं काही दिसणार का? तर खणायचं तर अजिबात नाही, काठीनेसुद्धा टोकरायचं नाही, त्यावर पुढे येतेच. पण निसर्ग आणि जनावरं आपोआप थोडं दाखवतात. आम्ही बघितलेल्या ढिगाच्या पाण्याकडच्या कडेला गायी पाणी प्यायला उतरत होत्या, तिथं एका खुराच्या ठशात हिरवळ फाटून आतली माती उघडी पडली होती. एवढीशी तळहाताएवढी जागा. मी गुडघ्यावर बसून बघितलं. बाहेरची माती तपकिरी आणि ठशातली माती काजळासारखी काळीकुट्ट, आणि त्या काळ्यात चार-पाच दगडाचे तुकडे, सुपारीपासून लिंबाएवढे. ओढ्यातले दगड गोल गुळगुळीत असतात, हे सगळे कंगोरेदार, कडा तुटलेल्या, एकाच्या पोटात बारीक तडा गेलेला, बाहेरून तांबूस आणि तुटलेल्या जागी राखाडी. काळं म्हणजे कोळशाचा चुरा, कंगोरे म्हणजे गार पाण्याचा झटका, तांबूस रंग म्हणजे विस्तवात लोखंडाचा अंश तांबडा झालेला. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की शंका राहत नाही. नुसता काळेपणा असेल तर ते पीटसुद्धा असू शकतं, म्हणजे इकडची कुजकट दलदलीची माती, तीही काळीच असते, पण तिच्यात तडकलेले दगड नसतात. फोटो काढा, मापासाठी शेजारी नाणं ठेवा, आणि तुकडे जिथले तिथे राहू द्या. खिशात एकही नाही.

दगडांवरून आठवलं, कुठला दगड वापरलाय तेही बघत जा. कॉर्कमध्ये डोंगरधारेला तांबूस सँडस्टोन आणि दऱ्यांमध्ये चुनखडी असं आहे, आणि लोक शक्य तिथं सँडस्टोनच निवडायचे. कारण तो पुन्हा पुन्हा तापवता येतो. चुनखडी जास्त तापली की तिची चुनकळी होते, आणि चुनकळी पाण्यात टाकली की काय होतं ते आपल्याकडे जुन्या घरांना चुना लावलेला ज्याने बघितलाय त्याला माहितीय, खदखदून पाणी पांढरं होतं. असं पाणी स्वयंपाकाला चालणार नाही. त्यामुळे जिथं चुनखडीच वापरलेली सापडते तिथं प्रश्न पडतो की हे पाणी मग कशासाठी तापवत होते.

आणि हाच खरा मोठा प्रश्न आहे, कशासाठी? सतराव्या शतकात जॉफ्री कीटिंग नावाच्या आयरिश इतिहासकाराने लिहून ठेवलंय की फिएना नावाचे शिकारी योद्धे दगड तापवून खड्ड्यात मांस शिजवायचे आणि दुसऱ्या खड्ड्यात अंघोळ करायचे. फुलख्त फिया हे नाव त्या जुन्या साहित्यातूनच आलंय, पण ढीग त्या लिखाणापेक्षा दोन-तीन हजार वर्षं जुने, त्यामुळे तेवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही. मग १९५०च्या दशकात मायकेल ओकेली या पुरातत्त्वज्ञाने, ज्यांनी पुढे न्यूग्रेंज या आयर्लंडमधल्या प्रसिद्ध प्रागैतिहासिक थडग्याचं उत्खनन केलं तेच, कॉर्कमधल्या बॅलीवर्नीला एक ढीग खणला, लाकडी चर जसाच्या तसा मिळाला, आणि त्यांनी प्रत्यक्ष करूनच बघितलं. ४५० लिटर पाणी तापलेल्या दगडांनी अर्ध्या तासाच्या आसपास उकळलं, मग साडेचार किलोची मटणाची तंगडी पेंढ्यात गुंडाळून आत सोडली, अधूनमधून एकेक गरम दगड टाकत पाणी उकळतं ठेवलं आणि ३ तास ४० मिनिटांनी मांस व्यवस्थित शिजलं. त्यानंतर कितीतरी वर्षं सगळे हेच धरून चालले की ही स्वयंपाकाची जागा.

पण अडचण अशी की बऱ्याच ढिगांत हाडंच सापडत नाहीत. काही जण म्हणतात आम्लधर्मी जमिनीत हाडं विरघळून गेली, ते काही ठिकाणी बरोबरही आहे. बर्मिंगहॅमच्या कॉब लेनजवळचा ढीग खणणारे लॉरेन्स बारफील्ड आणि मायकेल हॉडर यांनी १९८७ साली वेगळंच मांडलं, की हे वाफारा घ्यायचे तंबू असतील, गरम दगडावर पाणी टाकून. २००७ मध्ये गॉलवेच्या बिली क्विन आणि डेक्लन मूर यांनी लाकडी चरात गरम दगडांनी पाणी ६०-७० अंशांवर नेऊन त्यात जवाचं भरड टाकून बिअर करून दाखवली. शिवाय लोकर धुणं, कापड रंगवणं, कातडी कमावणं अशा कल्पना आहेतच. माझं मत विचाराल तर एकच उत्तर शोधणंच चुकीचं आहे. आपल्याकडचं घंगाळं आठवा, त्यात अंघोळीचं पाणी, लग्नात भात उपसायला, दिवाळीत कपडे भिजवायला, सगळ्याला तेच. गरम पाण्याची सोय एकदा झाली की माणूस तिचा हजार कामांना उपयोग करतो, आणि मुळात एकट्याने करायचं हे काम नाही, सरपण आणायचं, दगड वेचायचे, जाळ राखायचा, म्हणजे चार घरं एकत्र आल्याशिवाय होणार नाही.

आता महत्त्व कशात आहे ते, कारण लोक हमखास विचारतात की जळके दगड कशाला जपायचे, त्यात ना सोनं ना मूर्ती. खरं आहे, या ढिगांत वस्तू जवळपास सापडतच नाहीत. सापडतं ते पाण्याने राखलेलं. पाणथळ जागेत हवा पोचत नाही म्हणून लाकूड कुजत नाही, चराच्या तळाच्या फळीवर कुऱ्हाडीच्या पात्याचे घाव तीन हजार वर्षांनीसुद्धा मोजता येतील इतके स्वच्छ राहतात. त्या घावांवरून कुऱ्हाडीची धार केवढी होती ते कळतं, ती कुऱ्हाड सापडली नाही तरी. फळीच्या वलयांवरून झाड कधी तोडलं ते काढता येतं. कोळशावरून सरपण कुठलं होतं, ओक, हेझल की आल्डर, आणि रेडिओकार्बनने तारीख. भोवतालच्या मातीतल्या परागकणांवरून आजूबाजूला जंगल होतं की कुरण. मोठमोठी दगडी वर्तुळं आणि थडगी विशेष दिवसांसाठीची, ही जागा मात्र रोजच्या जगण्यातली, आणि रोजच्या जगण्याचा पुरावा फार कमी ठिकाणी उरतो.

म्हणूनच या ढिगाला सगळ्यात मोठा धोका कुदळीचा नाही, निचऱ्याचा आहे. आमच्या भागातल्या एका शेतात कडेने खोल चर मारून पाणी काढून दिलं, ढिगाला कुणी हातही लावला नाही, वरून तो आजही तसाच दिसतो. पण पाण्याची पातळी उतरली की हवा आत जाते आणि जे लाकूड तीन हजार वर्षं टिकलं ते काही वर्षांत भुसभुशीत होऊन संपतं. ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण करणाऱ्याला माहीतच नव्हतं की तो काही मोडतोय. म्हणून ओळखीत कुणी शेतकरी असेल, किंवा तुम्ही स्वतः जागा घेऊन घर बांधत असाल, तर आधी तो नकाशा उघडून बघा. नोंद असलेल्या स्मारकात किंवा त्याच्या आसपास खणणं, भराव टाकणं, निचरा काढणं यातलं काहीही करायच्या आधी सरकारला लेखी कळवावं लागतं, तसा कायदाच आहे. मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या वस्तू शोधत फिरणं तर विनापरवाना गुन्हाच आहे, मुलाच्या वाढदिवसाला तो खेळ म्हणून मिळत असला तरी.

ज्यांना चिखल आणि परवानगी हे सगळं नको, किंवा सोबत लहान मुलं नाहीतर आईवडील आहेत, त्यांनी सरळ ड्रोमबेगला जावं. वेस्ट कॉर्कमध्ये ग्लँडोरजवळ, दगडी वर्तुळासाठी प्रसिद्ध जागा. सगळे वर्तुळाशी फोटो काढून परत फिरतात, तुम्ही मात्र पश्चिमेकडे थोडं चालत जा. तिथं दोन गोल झोपड्यांचे पाये आणि त्यांच्या पलीकडे दगडी चर, चूल आणि पाण्याची विहीर अशी सगळी रचना उघडी ठेवलेली आहे. १९५७-५८ मध्ये एडवर्ड फाही यांनी हे खणलं, आणि तिथंही पाणी तापवून बघितलं, साधारण ७० गॅलन म्हणजे ३०० लिटरच्या वर पाणी, ते उकळून जवळपास तीन तास गरम राहिलं. बाकी ढिगांत जे जमिनीखाली कल्पनेनं बघावं लागतं ते इथं डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे खरं तर पहिली भेट ड्रोमबेगलाच द्यावी आणि मग शेतातले ढीग बघावेत, मी उलटं केलं. वेक्सफर्डजवळच्या आयरिश नॅशनल हेरिटेज पार्कमध्येही नव्याने करून ठेवलेला फुलख्त फिया आहे. इंग्लंडातल्या मंडळींना बर्मिंगहॅमचं मोझली बॉग जवळ पडेल, तिथं ओढ्याकाठी दोन ढीग संरक्षित आहेत आणि लाकडी पायवाट आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर कुणी गेलंच तर ब्रेसे बेटावरचा क्रूस्टर ढीग चुकवू नका, तो समुद्राच्या लाटांनी ढासळत होता म्हणून तिथल्या लोकांनी २००८ मध्ये आतली दगडी रचना उचलून बेटावरच्या हेरिटेज सेंटरशेजारी नेऊन पुन्हा उभी केली.

इथं एक गोष्ट सांगून टाकते कारण ग्रुपवर फोटो टाकला की कुणीतरी विचारतंच, आपल्याकडे कर्नाटकात असे ढीग आहेत ना? आहेत, बल्लारी-रायचूर भागात आणि तेलंगणात, पण ते राखेचे ढीग, दगडांचे नाहीत. नवाश्मयुगातल्या गुराख्यांनी गोठ्यातलं शेण साठवून जाळलं त्याची राख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी बुदिहाळला त्यातलाच एक खणून गुरांचा वाडा आणि वस्ती शोधून काढली. जाळ दोन्हीकडे आहे, पण एकात पाणी मुख्य आणि दुसऱ्यात गुरं.

आता घरी करून बघायचा प्रयोग. हा केल्याशिवाय ढीग खऱ्या अर्थाने कळत नाही असं माझं ठाम मत आहे. पण स्मारकाच्या जागी किंवा कुणाच्या शेतात नाही, आपल्या अंगणातच, फायर पिटमध्ये. दगड गार्डन सेंटरमधून सँडस्टोनचे घ्या, मुठीएवढे, अखंड, तडा नसलेले. नदीतले किंवा समुद्रावरचे दगड कधीही घेऊ नका, त्यांच्या आत पाणी मुरलेलं असतं आणि विस्तवात त्याची वाफ होऊन दगड फुटतो, तुकडे गोळीसारखे उडतात. विकत आणलेले सुद्धा दोन-तीन आठवडे शेडमध्ये कोरडे होऊ द्या. गॉगल, चामड्याचे हातमोजे, सुती कपडे, लांब दांड्याची लोखंडी पकड, आणि मुलं दहा पावलं लांब.

हिशोब असा. १० लिटर गार पाणी उकळायला लागणारी उष्णता आणि दगड ६०० अंशांपर्यंत तापेल असं धरलं तर साधारण साडेआठ किलो दगड पुरायला हवेत, पण भांडं, हवा आणि आपला गोंधळ यात उष्णता जाते म्हणून १५ किलो तयार ठेवा. याच हिशोबाने ओकेलींच्या ४५० लिटरला जवळपास ४०० किलो दगड लागतात, हा आकडा काढल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ढीग एवढे मोठे का होतात. जाळ चांगला दीड तास ठेवा, लाकूड चौकटीसारखं रचून मधे दगड, वरून पुन्हा लाकूड. अंधारात दगड मंद लाल दिसला की झाला. पाण्यासाठी जाड लाकडी पिंप अर्धं कापून घ्या, प्लास्टिक चालणार नाही. शेजारी एक बादली वेगळी ठेवा, दगड आधी त्यात अगदी क्षणभर बुडवून राख धुवायची आणि मग मुख्य पाण्यात हळूच सोडायचा, वरून टाकायचा नाही. पहिला दगड चर्र करून जातो आणि काहीच घडत नाही असं वाटतं. चौथ्या-पाचव्याला तळातून बुडबुडे यायला लागतात, आणि आठव्या-नवव्याला आमचं पाणी असं खळखळलं की बाबा उठून उभे राहिले. आम्ही पंच्यात बटाटे आणि कणसं बांधून सोडली होती, पंच्याचं टोक काठीला बांधून. दर पाच-सहा मिनिटांनी एक दगड टाकत राहिलो, अर्ध्या तासात बटाटे शिजले, थोडी कचकच लागली पण चव धुराची, छान.

दुसऱ्या दिवशी पाणी ओतून दिलं आणि तळातले दगड वेचले तर २२ पैकी नऊ दगड फुटलेले, कडा अगदी तशाच, पोटात तोच बारीक तडा, जो मी खुराच्या ठशात बघितला होता. मी ते पुन्हा वापरता येतील असे आणि टाकून द्यायचे असे वेगळे करत होते आणि टाकायचे हात लांब करून डाव्या बाजूला भिरकावत होते, तिथं एका दुपारचा छोटासा ढीग झालाच होता. तुम्हीही दगड मोजून ठेवा, किती फुटले ते लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी तेच दगड वापरून पुन्हा मोजा, किती वेळा टिकतात ते कळतं. टाकायचे तुकडे मात्र ओढ्याकाठी किंवा शेतात नेऊन टाकू नका, पुढे कुणीतरी खऱ्याखुऱ्या ढिगाचा भाग समजेल, घरच्या कचऱ्यातच घाला.

शेवटी, नकाशावर नसलेला ढीग सापडला तर. असं होतं, विशेषतः नवीन नांगरटीत किंवा ओढ्याचा काठ ढासळला की. फोनमध्ये जागेचं लोकेशन सेव्ह करा, दोन फोटो लांबून आणि दोन जवळून काढा, ओढा कुठल्या बाजूला आहे ते लिहा, शेतमालकाला आधी सांगा आणि मग नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिसला ईमेल करा. लाकूड उघडं पडलेलं दिसलं तर त्याच दिवशी कळवा, आणि तोवर त्यावर ओली माती आणि गवताची ढेकळं हलक्या हाताने परत सरकवून ठेवा, उन्हात वाळू देऊ नका.